न मागितलेली लिंक

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमच्या कंपनीचे संचालक महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती ताई, त्यांचे यजमान, लेक आणि जावई, आमच्याकडून वेबसाइट करून घेतल्यावरही आमच्याशी बोलणारे ग्राहक मित्र, आणि चहाच्या टेबलाजवळच्या खुर्च्या आधीच धरून बसलेले माझे सहकारी,

मला बजावून सांगितलं आहे की थोडक्यात बोला. पण ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांनी उभ्या नोकरीत एकही काम थोडक्यात केलेलं नाही. तेव्हा मला जरा सवलत असावी.

मी या कंपनीत मजकूर लिहितो. ताईंचं टेबल माझ्या शेजारी. मधे काच आहे, पण तिच्यातून आवाज व्यवस्थित येतो. त्यामुळे ताईंचे फोन मी इतकी वर्षं ऐकत आलोय. मघाशी त्यांच्या यजमानांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "अहो, ही ऑफिसात नेमकं करते तरी काय? घरी विचारलं की म्हणते, लोकांना फोन." संसार सुखाचा व्हायला एवढी माहिती पुरली असेल, तर मी आज भर घालून चूक करतोय. तरी सांगतो.

तुम्ही दुकान काढलं, पाटी लावली. पण रस्त्यात कुणाला विचारलं तर कोणी तुमच्याकडे बोट दाखवत नाही. मग गिऱ्हाईक येणार कुठून? वेबसाइटचंही तसंच असतं. दुसऱ्याच्या चांगल्या पानावर तुमची लिंक असली, की वाचणारा तिथून तुमच्याकडे येतो. सर्च इंजिनसुद्धा पाहतं, की यांच्याकडे बोट दाखवणारा जाणता माणूस आहे, की रिकामटेकडा? जाणत्या माणसांनी आपल्या ग्राहकांकडे बोट दाखवावं, यासाठी ताईंनी आयुष्य घालवलं.

याची सोपी पद्धतही आहे. शेकडो वेबसाइटना एकच मेल पाठवायचा: आपलं पान अप्रतिम आहे, आमची लिंक द्या. असा एक मेल आमच्याच ऑफिसातून अंत्यविधीचं सामान विकणाऱ्यांना गेला होता. त्यात लिहिलं होतं, 'आपल्या सेवेचा लाभ घेण्यास आम्ही उत्सुक आहोत.' हसू नका, त्यांचं उत्तर फार आपुलकीचं आलं होतं.

ताईंच्या जागी आता कोणी नेमायचं नाही, असं ठरलं आहे. नवीन प्रणाली येते आहे, ती एका बटणात सगळ्यांना मेल पाठवील. सोमवारी ताईंचं टेबल उचललं जाईल. मी इथे कौतुक करायला उभा आहे, त्यामुळे या निर्णयावर मी काही बोलणार नाही. ओघात काही निघालं तर मात्र माझा इलाज नाही.

समोर दुसऱ्या रांगेत एक भाऊ-बहीण बसले आहेत. त्यांची बूट बनवायची कार्यशाळा आहे. एक पाय आखूड असेल, पाऊल वाकडं असेल, तर त्या पायाच्या मापाचे बूट. बहिणीचा स्वतःचा एक पाय आखूड आहे. भावाने पहिला जोड तिच्यासाठीच केला. आमच्याकडे आले तेव्हा कार्यशाळा बंद करायच्या बेतात होते. ज्यांना हे बूट हवेत त्यांना हे सापडत नव्हते, आणि हे रोज सकाळी शटर उघडून दाराकडे बघत बसायचे.

ताईंनी शोधाशोध केली. एका मोठ्या रुग्णालयाच्या वेबसाइटवर असे बूट कुठे मिळतील याचं पान होतं. त्यावर एकच लिंक, दुसऱ्या एका कारागिराची. ती उघडतच नव्हती. आमच्या धंद्यात याला घबाड म्हणतात! तिथे फोन करायचा, तुमची लिंक मेली आहे म्हणायचं आणि आपली पुढे करायची. ताईंनी फोन केला. मी काचेपलीकडून ऐकत होतो.

"लिंक बंद पडली आहे तुमची. ते गृहस्थ दुसरीकडे गेलेत, त्यांचं नवीन पान सांगते, लिहून घ्या."

आणि फोन ठेवला. आमच्या ग्राहकाबद्दल एक अक्षर नाही.

पुढे काय झालं असेल, सांगायला हवं का? दुसऱ्या रांगेतले हे भाऊ, आज मान खाली घालून हसताहेत ना, ते त्या दिवशी तणतणत ऑफिसात आले. "ताई, तुम्ही माझं काम करताय का त्यांचं?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "माणूस हयात आहे, काम करतोय. त्याचा पत्ता पुसून तुमचा कसा लिहू?"

"मग माझं काय?"

"तुमचंही होईल. त्या पानावर नाही होणार."

अध्यक्ष महोदयांनीही तेव्हा ताईंना केबिनमध्ये बोलावलं होतं. आत काय झालं ते मला ऐकू आलं नाही. ती काच जाड आहे.

मग ताईंनी बहिणीला आमच्याकडे बोलावलं. मुलाचा बूट नीट बसतो की नाही हे घरच्या घरी कसं ओळखावं, ते तिने सांगायचं आणि मी लिहायचं. मी झकास लिहिलं. ताईंनी वाचून परत केलं. "भाषा छान आहे. पण यात त्या पोराच्या आईला उपयोगी काय आहे?" पुन्हा लिहिलं, पुन्हा परत. शेवटी मी हात टेकले आणि बहीण जसं बोलली तसंच्या तसं उतरवलं. ते पसंत पडलं. मग ताईंचे फोन सुरू झाले: पालकांचा एक गट, एक नृत्यशिक्षिका, व्यायाम शिकवणारे एक डॉक्टर. आधी त्यांचं प्रत्येक पान वाचायचं, त्यात काय चुकलंय किंवा राहिलंय ते सांगायचं, आणि आपलं खरोखर उपयोगाचं असेल तरच नाव काढायचं. फार हळू चालायचं हे. माझाच जीव टांगणीला लागायचा, मग त्या भावंडांचं काय होत असेल?

त्याच सुमारास एक म्हातारे गृहस्थ कार्यशाळेत आले. त्यांनी एक बूट उचलला, उलटा केला, शिवणीवरून नख फिरवलं, टाच दाबून पाहिली, आणि काही न घेता निघून गेले. बहिणीला वाटलं, असेल कोणी चौकस माणूस.

पुढच्याच आठवड्यात कार्यशाळेचा फोन वाजायचा थांबेना. प्रत्येक जण म्हणायचा, अमक्या पानावरून आलो. ते पान त्या दुसऱ्या कारागिराचं होतं. त्यावर त्याने लिहिलं होतं: 'माझे हात आता थरथरतात. माझा पत्ता कुणी दुरुस्त केला, ते रुग्णालयातल्या बाईंकडून कळलं. फोन करणाऱ्या त्या ताई कोणत्या बूटवाल्यांसाठी काम करतात ते शोधून काढलं, आणि त्यांचं काम मी स्वतः पाहून आलो. यापुढे बूट यांच्याकडून करून घ्या.' आणि खाली लिंक. बहिणीने हे मोठ्याने वाचलं. भाऊ मशीन बंद करून नुसते उभे राहिले. हे मला त्यांनीच सांगितलं, म्हणून सांगण्याची हिंमत करतोय. पुढे त्या गृहस्थांनी गिऱ्हाइकांच्या पावलांचे लाकडी साचेही पाठवून दिले. ते आज कार्यशाळेच्या फळीवर आहेत, आणि शटर रोज उघडतं.

त्या पानाची बातमी मी धावत जाऊन ताईंना दिली होती. त्या म्हणाल्या, "त्यांना फोन केलात का?"

म्हटलं, "आभाराचा?"

"आभाराचा कशाला? हातांना काय झालंय, ते विचारायला."

अध्यक्ष महोदय, नवीन प्रणाली उत्तम असेल. मेल सगळ्यांना पोहोचतील, उत्तरंही येतील. पण हा फोन ती करील का? मला वाटत नाही. ताई, मान हलवू नका, आज तुम्हाला बोलायचा अधिकार नाही.

गेल्या आठवड्यात मी एक धाडस केलं. एका शाळेच्या पानावरची लिंक बंद दिसली. शोधलं, फोन केला, बरोबर पत्ता सांगितला. तो आपल्या ग्राहकाचा नव्हता. समोरच्या बाई 'बरं' म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. माझा चेहरा पडला. काचेपलीकडून ताई म्हणाल्या, "छान झालं. आता दुसरा करा." ताई, तुमच्याशिवाय त्या काचेशेजारी बसणं मला जड जाणार आहे, हे उघडच सांगतो.

मला बोलायची संधी दिली, याबद्दल आयोजकांचे आभार. आपण सगळ्यांनी चहा थंड होऊ देऊन ऐकून घेतलंत, त्याबद्दल विशेष आभार. सोमवारी टेबल उचलायला जी माणसं येतील त्यांची मी आधीच माफी मागतो, कारण त्या टेबलावर मी बसलेला असेन. आणि अध्यक्ष महोदय, माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर मला केबिनमध्ये जरूर बोलवा. फक्त थोडं थांबावं लागेल. मी फोनवर असेन.