वर्णानुक्रमे भाजी

...नाही, पण भाज्या वर्णानुक्रमे लावल्या यात माझं नेमकं चुकलं काय, हे मला आजतागायत कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही! हसा, हसा तुम्ही! तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं ग्रंथालयात काढली मी, चौतीस, 'शांतता राखा' या पाटीखाली बसून, आणि एका पुस्तकाने कधी जागा सोडली नाही, आणि बागेत मात्र म्हणे मी सत्यानाश केला! असो. तक्रार नाही हं माझी. उपकारच झाले म्हणायचे!

बाग तशी माझी नव्हेच. बाग हिची, म्हणजे आमच्या बायकोची. घरामागे बाहेर वाफे, कोपऱ्यात काचेचं ग्रीनहाऊस, आणि ही सकाळपासून तिथे, आणि रोपांशी अखंड बडबड, "काय गं, मान का टाकलीस? आणि तू रे, तू कुठे निघालास एवढा उंच?" मी आतून पेपरमागून ओरडायचो, "अगं, जरा हळू!" सवय हो! मग एके सकाळी तिथेच ओल्या पाइपवरून हिचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन, प्लेट, स्क्रू, सगळं यथासांग झालं. डॉक्टर म्हणाले, "हाड उत्तम बसलंय. आता चालायला हवं. नाही चालल्या, तर कायमच्या अंथरुणाला खिळतील."

आणि ही? भिंतीकडे तोंड करून पडली. चहा देऊ? "कशाला." खिडकी उघडू? "कशाला." व्यायाम करून घ्यायला एक फिजिओ मुलगी यायची, बिचारी गोड गोड बोलायची, "काकू, फक्त दारापर्यंत हं, फक्त दारापर्यंत!" "कशाला." पुन्हा पडायची धास्ती घेतली होती हो हिने, पण कबूल करेल तर शपथ! तुम्हाला सांगतो, आयुष्यभर मी लोकांना गप्प बसवलं, पण घरातली ती शांतता... नको. दुपारी स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटायचो मी. निदान "अहो, काय फोडलंत?" एवढं तरी म्हणेल! नाही म्हणाली. फार घाबरलो होतो मी.

म्हटलं, हिला उठवणं काही आपल्या हातात नाही, निदान हिची रोपं तरी जगवू. ट्रेमध्ये रोपं तयार, लावायची तेवढी राहिलेली. आता मला सांगा, सुरुवात कुठून करायची? अर्थात 'अ'पासून! ग्रीनहाऊसमध्ये स्वर, बाहेर व्यंजनं. किती सुटसुटीत! स्वरांत निघाली दोन. अळू आणि आलं. 'इ'वरून खूप शोधलं हो... नाही सापडलं. म्हणजे एवढं थोरलं ग्रीनहाऊस, आत दोन कुंड्या, ऐसपैस! आणि बाहेर 'क'च्या वाफ्यात ही झुंबड! काकडी, कांदा, कारलं, कोथिंबीर, कोबी, सगळे एकमेकांच्या उरावर! बरं, कांदा काकडीच्या आधी की नंतर? अनुस्वाराचं काय करायचं? शब्दकोश उघडून दोन दिवस स्वतःशी भांडलो मी. चेष्टा वाटली का?

आणि संध्याकाळी हिच्या उशाशी बसून अहवाल. आज 'ग' झाला. आज 'ट' झाला. ही भिंतीकडे. तीन आठवड्यांनी म्हटलं, "आज 'म' पूर्ण झाला बरं का."

"काय झाला?"

अहो, 'कशाला' सोडून दुसरा शब्द! मी उठूनच बसलो, म्हणजे बसलेलाच होतो, आणखी बसलो! "'म' गं! मिरची, मुळा, मेथी. मटार नाही लावला. तिथे पाटी लावलीये, 'मटार: वाटाणा पाहा'."

ही कुशीवर वळली. माझ्याकडे. "काकड्या कुठे आहेत?"

"बाहेर. 'क'मध्ये."

"बाहेर? वाऱ्यात? मग ग्रीनहाऊसमध्ये काय आहे?"

"स्वर."

कोपर टेकून उठून बसली. मग म्हणाली, "माझा वॉकर कुठाय?"

तुम्हाला सांगतो, खाट ते मागचं दार, चौदा पावलं. मी मोजली. चौदाव्या पावलाला चौकट धरून उभी राहिली, बागेवरून एकदा नजर फिरवली, आणि अशी कडाडली, "अहो, हे काय करून ठेवलंय माझ्या बागेचं!" गल्लीच्या टोकाचा सायकलवाला बाहेर येऊन बघून गेला! आणि मी? रडलो हो! उभ्या जन्मात इतकं गोड मला कोणी रागावलं नव्हतं. तक्रार कसली? उपकारच म्हणायचे!

मग हिचा हुकूम सुटला, ट्रेमध्ये उरलेली काकडीची रोपं आत ग्रीनहाऊसमध्ये घ्या. घेतली. वेल चढले, फुलं आली, पिवळीधमक, आणि काकडी? एकही धरेना! ही दारातल्या खुर्चीवरून विचारते, "रोज करता तरी काय तिथे?" म्हटलं, "निगा राखतो! मऊ फडक्याने एकेक फूल पुसतो. फार धूळ असते गं आत, पिवळी."

"धूळ? अहो, ते पराग! काचेच्या आत मधमाशी येत नाही! आपणच ब्रशने नर फुलातले पराग काढून मादी फुलाला लावायचे असतात!"

आता हे कुठल्या पाटीवर लिहिलं होतं? पण ही उठलीच. पायऱ्या उतरली. थेट ग्रीनहाऊसच्या दारात, जिथे पडली होती तिथे... आणि थबकली. माझी बाही एवढी घट्ट धरली की शिवण उसवली. मग हळूच म्हणाली, "तो पाइप उचला आधी." उचलला. आणि गेली आत! ब्रश घेतला, फुलांना हात लावला, आणि सुरू, "काय गं, पुसून काढलं ना तुला ह्यांनी?" फिजिओ मुलगी चाट! "काका, काय जादू केलीत?" म्हटलं, "जादू कसली! फुलं पुसली."

पुढे गाजराची विरळणी. दाट झालेली रोपं उपटा म्हणाली. मी मोठी मोठी उपटली. ग्रंथालयात जुनं काढून नव्याला जागा करतात ना, तसं! ते बघून ही वॉकर टाकून धावली. धावली हो! उपकारच... जाऊ दे.

परवा संध्याकाळी दोघं बाकावर बसलो होतो. हिने माझा हात हातात घेतला. "मला सगळं कळलंय हो." मला वाटलं, माझ्या हातून ग्रीनहाऊसची काच तडकली ती दिसली! तर म्हणते, "मला उठवायला किती सोंगं केलीत! कोण शहाणा माणूस भाज्या वर्णानुक्रमे लावील? कोण फुलं पुसत बसेल? सगळं मुद्दाम केलंत ना? माझ्यासाठी?" आणि डोळे भरलेले.

आता तुम्हाला म्हणून सांगतो... एकसुद्धा मुद्दाम केलं नव्हतं हो! एकसुद्धा! मनापासून, अभ्यास करून, शब्दकोश उघडून केलं होतं सगळं! पण तिचा हात हातात, ती चालतेय, बोलतेय, घर पुन्हा आवाजाने भरलंय... म्हटलं, "हो." तेवढंच. लगेच लेकीचा फोन, "बाबा, ग्रेट आहात तुम्ही! आम्हाला आपलं वाटायचं, तुम्हाला खरंच..." "खरंच काय?" "काही नाही बाबा."

म्हटलं, आता तरी एक काम निर्दोष करून दाखवायचं. तीन पुस्तकं वाचली. आज सकाळी टोमॅटोची सगळी रोपं काठ्यांना बांधली, मऊ सुतळीने, सैल, आठाच्या आकड्यासारखा फेर देऊन, अगदी चित्रात होतं तसं! ही आली तुरुतुरु, हातात काठीसुद्धा नाही. वाकून बघितलं. आणि हसत सुटली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! "अहो, पुरे आता! चालते ना मी? अजून किती नाटकं कराल? सोडा त्या गाठी!"

मी तिच्याकडे बघितलं, रोपांकडे बघितलं, पुस्तकाप्रमाणे एकही गाठ चुकली नव्हती हो... "ओळखलंस!" म्हटलं, आणि बसलो एकेक गाठ सोडत.