बासरी नव्हे

मामा: पुन्हा लाव. चाल वर चढते ना, तिथे कान दे.

भाची: दिला. दहा वेळा दिला.

मामा: बासरीच्या माथ्यावर बारीक श्वास आहे. आला ऐकू?

भाची: काहीतरी सळसळतंय खरं.

मामा: सळसळतंय काय म्हणतेस? तुझी मामी आहे ती.

भाची: मामी? या व्हिडिओ गेममध्ये?

मामा: कुणाला बोललोच नाही कधी. या गेमचं संगीत करत होतो तेव्हा यंत्राच्या मेमरीत आवाजाला जागा मिळालेली चिमूटभर. तीन दिवस घरी फिरकलो नव्हतो म्हणून ही धुतलेले कपडे घेऊन कचेरीत आली. म्हटलं, आलीच आहेस तर एक ‘आ’ लाव. ती म्हणाली, अख्खं गाणं म्हणते की. म्हटलं, एवढं मावायचं नाही, एकच सूर पुरे. तोच वर-खाली करून सगळी चाल उभी केली.

भाची: आणि आम्ही सगळे त्याला बासरी म्हणत बसलो. दोन वर्षं मी नकलेचा प्रोग्रॅम लिहितेय मामा, हा गेम चालायचा त्या जुन्या यंत्रासारखा हुबेहूब आवाज कॉम्प्युटरवर यावा म्हणून. हाच सूर सगळ्यात जास्त तपासला मी.

मामा: म्हणून तर बोलावलं तुला. जुन्या यंत्रावर हा श्वास कधीच यायचा नाही. तुझ्या नव्या आवृत्तीत आला. पंधरा दिवस रोज दुपारी जेवण झालं की ऐकतोय. म्हटलं, पोरीने नाव काढलं. आणखी थोडी मेहनत घेतलीस तर पुरता आवाज येईल तिचा.

भाची: मूळ टेप आहे तुझ्याकडे?

मामा: त्याच टेपवर दुसऱ्या दिवशी गेममधल्या दाराची करकर भरली. टेपा मोजून मिळायच्या.

भाची: आणि गेममध्ये घालताना सूर किती नोंदींवर आणलास? म्हणजे सेकंदाला किती वेळा मोजून घेतलास?

मामा: सेकंदाला आठ हजार.

भाची: आठ हजारच.

मामा: असल्या सुरात बोलू नकोस. काय ते सांग.

भाची: तुला माहीत आहे रे. म्हणून तर जीभ रेटत नाहीये. एवढ्या थोड्या नोंदींत सुराचा खालचा भाग तेवढा उरतो. इतक्या वरची बारीक सळसळ त्यात शिरतच नाही. जे घेतलंच नाही ते मी कितीही दर्जा वाढवला तरी कुठून आणू?

मामा: मग हे वाजतंय ते काय?

भाची: माझी चूक. जुनं यंत्र दोन नोंदींमधले कोपरे घासून गुळगुळीत करायचं. नव्या आवृत्तीत ते घासायचं राहून गेलं. तेच कोपरे सळसळतायत.

मामा: बरं.

भाची: मामा, तशीच ठेवू का तुझ्या कॉम्प्युटरवर? बाकीच्यांना दुरुस्त केलेली देईन. कोण विचारतंय?

मामा: नको. कळल्यावर कशाला ऐकायचं ते. शंका मलाही आली होती गं. उभी हयात यात गेली. पण कान म्हातारे झाले की मनाचं ऐकायला लागतात.

भाची: दुसरीकडे कुठेच नाही तिचा आवाज? एखाद्या लग्नात, बारशाला कुणी टिपला असेल?

मामा: फोटो ढीगभर आहेत. ती गेली तेव्हा नऊ वर्षांपूर्वी सगळी कपाटं उपसली. घरात आवाजाचा माणूस मी, आणि घरी ती गुणगुणायला लागली की म्हणायचो, गप्प बस जरा, कान शिणलेत. बसायची बिचारी गप्प.

भाची: मला तिचं बोलणं आठवतं. गाणं नाही आठवत.

मामा: कसं आठवेल? कर तू दुरुस्त.

भाची: आत्ता?

मामा: आत्ताच. तू गेल्यावर माझा धीर व्हायचा नाही.

(थोडा वेळ फक्त कळफलकाचा आवाज. मग तीच चाल, सळसळीशिवाय.)

भाची: झालं. जुन्या यंत्रावर असाच होता ना?

मामा: असाच. घोगरा, नाकात बोलल्यासारखा. पहिल्यांदा ऐकवला तेव्हा ती म्हणाली होती, ही मी नाहीच.

भाची: मग तू काय म्हणालास?

मामा: म्हटलं, एवढं लक्ष देऊन कोण ऐकणार आहे.