दाराच्या फटीतून

लीड्सच्या दवाखान्यात ऑड्री मासिक चाळण्याचं सोंग करत होती. कान मात्र मागच्या बाकावरच्या दोघींकडे होते.

“तुझ्या शेजारच्या प्रॅटबाई गेल्या म्हणे, ग्लेनिस. तुमचं भांडण होतं ना?”

“छे गं, जीन! नऊ वर्षांत एक वाकडा शब्द नाही.”

“सरळ तरी कुठे होता?”

“चिठ्ठ्या टाकायचो की एकमेकींच्या दाराच्या फटीतून. नाताळला कार्डसुद्धा.”

“मग या वेळी?”

“त्यांचा कचऱ्याचा डबा माझ्या फाटकासमोर. मी लिहिलं, ‘माफ करा, सवडीनं डबा आत घ्याल का? आभारी आहे.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ‘आभारी’खाली रेघ मारली.”

“बेल नाही वाजवलीस?”

“बेल? भांडायला आले असं वाटलं असतं ना त्यांना!”

“आणि त्या आत दाराशीच पडलेल्या?”

“खुब्याचं हाड मोडून. स्वेटरच्या खिशात पेन्सिल असायचीच त्यांच्या. माझ्याच तिसऱ्या चिठ्ठीच्या मागे लिहिलेलं पोलिसानं दाखवलं मला.”

“काय लिहिलं होतं?”

“‘माफ करा, सवडीनं बेल वाजवाल का? आभारी आहे.’”

“अरे देवा!”

“‘आभारी’खाली दोन रेघा.”