इंजीचं ओरडणं

— नाही गं, पांढरीच. डोक्यावर नि शेपटीला तांबडा रंग असतो ती आमची नव्हे. परदेशातले लोक इथून एक जोडी घेऊन गेले, तिकडे वाढवली, नि आता तिलाच वानची मांजर म्हणतात. म्हणू देत बापडे. तू विद्यापीठाच्या मांजरघरातून आलीस म्हणून सांगते, लिही — आमच्या वान सरोवराच्या काठची खरी मांजर नखापासून कानापर्यंत पांढरी. हे पिल्लू बघ, घे हातात, चावत नाही — म्हणजे चावतं, पण दात कुठेत अजून — कानांच्या मधे दोन काळे ठिपके दिसले? मग याचे डोळे दोन रंगांचे होणार. एक निळा, एक मधाच्या रंगाचा. आत्ता सगळ्यांचेच राखाडी असतात, चाळीस दिवस थांबायचं. ठिपके मोठेपणी जातात. तुमच्या पुस्तकात हे असेल नसेल, मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. झेकियेबाई म्हणजे या गल्लीतलं मांजरांचं पुस्तकच. आत निजल्यात. हिवाळ्यापासून अंथरुणावरच आहेत. त्यांना नको विचारूस काही, मी सांगते ना सगळं.

मूळ कुठलं म्हणून विचारतेस? आता ते कोण बघायला गेलंय! सासूबाई सांगायच्या, जलप्रलयात नूह पैगंबरांची नौका डोंगराला लागली, सगळी जनावरं शहाण्यासारखी रांगेत उभी राहिली, पण या बयेला कुठला धीर निघायला — तिनं घेतली उडी, नि पोहत पोहत आमच्या काठाला. म्हणून पाण्याला भीत नाही. खोटं वाटतं? वसंतात ये, मासे सरोवरातून नदीत उलटे चढतात ना, तेव्हा ये — पोटापर्यंत पाण्यात उभ्या असतात या. नि आमचं पाणी कसलं, सोड्याचं, कपडे बुडवले की साबण नको. सासूबाई म्हणायच्या, त्यात धुऊन धुऊनच पांढऱ्या झाल्या. आर्मेनियन म्हणायचे आमची, तुर्क म्हणतात आमची, आम्ही कुर्द म्हणतो आमची. मांजर कुणालाच विचारत नाही. चहा घे ना, निवतोय. साखरेचा खडा हवा आणखी? घे गं, लाजतेस काय.

बहिऱ्या? हो, होतात. दोन्ही डोळे निळे असले की बहुतेक बहिरीच निघते. या घरात तीन झाल्या. पहिली इंजी — या पिल्लाची पणजी. लिही, इंजी, दोन्ही डोळे निळे, बहिरी, कोल्ह्यासारखी शेपटी, उन्हाळ्यात केस गळून नुसती शेपटीच उरायची. — स्वभाव? त्यालाही रकाना आहे? लिही, शांत. — थांब. शांत नको. खरं काय ते लिहायचं असतं ना? बहिऱ्या मांजरीला स्वतःचं ओरडणं ऐकू येत नाही, त्यामुळे ती ओरडली की सबंध गल्ली उठते. पण एरवी नाही हं ओरडायची. कारण असलं तरच.

भूकंपाच्या वर्षी तू लहान असशील. शाळेत? बघ. पहिला भूकंप आला त्या दिवशी सकाळपासून इंजी दारात उभी राहून ओरडत होती. मग पिल्लं एकेक करून मानेला धरून अंगणात आणून टाकली. सासूबाईंनी ते पाहिलं नि भाकरीचं पीठ परातीत तसंच टाकून आम्हाला बाहेर काढलं — मला, माझ्या मुलाला, नाज्मीला. नाज्मी माझा नवरा. शेजारपाजारचेही सासूबाईंच्या ओरडण्यानं बाहेर आले. अर्ध्या तासात जमीन हलली. गल्लीत कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तेव्हापासून काय झालं — लोक सरकारी माणसाचं ऐकेनात, आमच्या मांजरीकडे बघायला यायला लागले. इंजी काय करते? जेवली? निजली? मग आज घरी जाऊन आंघोळ करायला हरकत नाही. हसू नकोस. तू त्या थंडीत तंबूत राहिली असतीस तर तूही बघायला आली असतीस.

दोन आठवडे तंबूत. बर्फ पडायला लागलेलं, पोरांना खोकला, एका तंबूत अकरा माणसं, नि आमची घरं तिथंच समोर उभी, भेगा पडलेली, पण उभी. सगळ्यांचा जीव तिकडेच. आणि मग इंजी परत ओरडायला लागली. एक दिवस, दुसरा दिवस. लोक आधी घाबरले — पण काही होईना. दोन दिवस काहीच होईना. मग लोकांचे कान किटले. शेजारची बाळंतीण रडायला आली, मांजर माझ्या बाळाला झोपू देत नाही म्हणून. गल्लीतला हमदी म्हणाला, उद्या हिला पोत्यात घालून सरोवरात टाकतो, बघू किती पोहते ते. मी काय करणार होते? सांग ना, तू जनावरांची डॉक्टर होणार, तू काय केलं असतंस?

मदतछावणीच्या डॉक्टरनं सासूबाईंना झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, धसक्यावर. त्यातली अर्धी — अर्धीच गं — कुस्करून दह्यातून दिली इंजीला. तासाभरात झोपली. केवढं बरं वाटलं सगळ्यांना, काय सांगू तुला. सगळी छावणी शांत झाली. बाळंतिणीनं माझ्या गालाची पापी घेतली. कुणालाच सांगितलं नाही मी. सासूबाई गोळीसाठी चिडल्या असत्या, आणि — नाही, पुरतं सांगते. मलाही घरी जायचं होतं. माझी चूल, माझं न्हाणीघर, एक रात्र तरी पाय पसरून झोप. दुपारी सासूबाई आल्या, इंजीच्या पोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, नि नाज्मीला म्हणाल्या — मांजर निजलीय रे, गाढ निजलीय. धोका टळला. जा, शेगडी पेटव, घर गरम कर, संध्याकाळी आपण सगळे जाऊ. मी तिथंच होते. चहा ओतत होते. जिभेच्या टोकावर आलं होतं — आई, तिला गोळी दिलीय मी. नाज्मीनं माझ्याकडे बघितलं, जाऊ का अशा नजरेनं. मी त्याच्या हातात काडेपेटी दिली.

जमीन दुसऱ्यांदा हलली तेव्हा अजून उजेड होता. एवढंच सांगते. घर बसलंच खाली. इंजी तेव्हाही झोपलेलीच होती.

लिहू नकोस. ते नको लिहूस, खोड. खोडलंस? दाखव. — सासूबाई त्या दिवसापासून मांजरीला हात लावत नाहीत. पन्नास वर्षं मांजरांचं पुस्तक होत्या, आणि आता पिल्लू पायाशी आलं तरी पाय ओढून घेतात. म्हणतात, माझा हात खोटा, माझ्या हातानं मी माझ्या मुलाला आत पाठवला. गल्लीतल्या बायकांना सांगतात, परक्यांना सांगतात, माझ्या मुलाचा फोन आला की त्यालासुद्धा — तुझ्या बापाला मी मारलं रे. मी शेजारी बसून ऐकते. इतकी वर्षं. एका वाक्याचं काम आहे गं. रोज सकाळी त्यांचे केस विंचरते, तेव्हा म्हणते आज सांगीन. मग वाटतं, आता या वयात, कशाला? मग वाटतं, त्या गेल्यावर कुणाला सांगणार? मग वेणी घालून होते. माझ्याच हातचं खातात, माझाच हात धरून उठतात. मला लेक म्हणतात. डॉक्टर म्हणाले, आठवडा, फार तर दोन. आता रोज एकच विचारतात —

— श्श. उठल्या वाटतं. ऐक.

आले, आई! — कोण नाही, विद्यापीठातली मुलगी आलीय. — हो. — काय म्हणालात?

ऐकलंस ना. हेच. दिवसातून दहादा. म्हणतात, बेस्ना, तू तर तिथंच होतीस, खरं सांग, मांजर निजली होती ना गं? माझ्या हाताला चुकून तसं वाटलं नाही ना?

आई — आई, ऐका, त्या दिवशी मी, त्या मांजरीला —

हो, आई. निजली होती.

तू ऊठ बघू आता. पिल्लू टोपलीत ठेव. दार ओढून घे जाताना, वारा लागतो त्यांना.