आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर

ठो नाय हो साहेब, धुम्म. ठासणीच्या बंदुकीचा आवाज ठो नाय व्हायचा. मी सात-आठ वर्षांचा असेन, भात दाण्यावर आलेलं, तिन्हीसांजेला बाबा शेतातल्या माळ्यावर बसलेले — आणि धुम्म झालं की आधी छातीत व्हायचं, कानात मागनं. आई चुलीपुढनं म्हणायची, गेली, पळाली. म्हंजे रानडुकरं. मारायचं नाय कोणाला, पळवायचं. तुमी विचारलं ना, धर्माबाबा, बंदुकीला एवढं काय घाबरता, तुमच्या घरात काय पहिली आहे का — म्हणून सांगतो. पहिली नाय. बंदूक कशाला असते ते आमाला ठाऊक आहे. ही माझ्या पोराची कशाला आहे तेवढं नाय ठाऊक. म्हंजे — ठाऊक आहे. तुमी लिहा तुमचं, मी बोलतो हळूहळू.

आज सगळेच आलेत. निवडणुकीआधी सगळ्यांची हत्यारं इथं पोलिसात जमा केलेली, आता निवडणूक संपली, ज्याचं हत्यार त्याला परत, पावती दाखवायची, वहीत सही करायची आणि न्यायचं. तो बघा बुधू चालला, खांद्यावर आजाची बंदूक. जमा करायच्या दिवशी रांगेत आमच्या पुढंच होता. माझ्या हितेशनं पिशवीतनं रिव्हॉल्व्हर काढलं तर म्हणतो, काय रे, हिची नळी उंदरानं कुरतडली का? सगळे हसले. हितेश पण हसला. मला बुधूचे पाय धरावेसे वाटले, साहेब. किती महिन्यांनी पोरगा हसलेला.

एकुलता आहे. नेमबाज आहे — होता. पंचवीस मीटरवर कागद लावतात, मधी काळं वर्तुळ, तिथं पाच गोळ्या मारायचा आणि भोकं मोजायला जावं तर तीनच दिसायची. एकात एक गेलेल्या. खिळ्याला मेडलं टांगलीत, पडवीत, आलात तेव्हा बघितलीत तुमी. कुणाली, माझी सून, ती चिडवायची त्याला, नेम एवढा चांगला, मग भात ताटाबाहेर कसा सांडतो? मग गेल्या दिवाळीनंतर, हायवेला, आसनगावच्या पुढं कंटेनर मधीच वळला — मोटारसायकल हितेश चालवत होता, ती मागं बसलेली. ती गेली. ह्याचं मनगट मोडलं, आत स्टीलची पट्टी घातली. हात बरा झाला पण थरथरतो. कप उचलला की बशी वाजते. त्या हातानं काय नेम धरणार? स्पर्धेचं लांब नळीचं पिस्तूल होतं ते विकून टाकलं. मला वाटलं, चला, नाद सुटला.

सुटला कुठं? कल्याणला एक म्हातारे दातांचे डॉक्टर आहेत, पोरं परदेशी, त्यांना परवाना सोडायचा होता. त्यांचं हे. स्वातंत्र्याच्या आधीचं, विलायती. हितेश दर रविवारी बघायला जायचा, नुसतं बघायला, आणि येताना मला खारी आणायचा. नेमबाजांना जुन्या हत्यारांची हौस असते म्हणतात, मी पण तसंच धरलं. मग अर्ज, परवानगी, ठाण्याला खेपा. ते घरी आलं त्या दिवशी मी हातात घेतलं — नाय, घेतलं नाय, घेऊ देत नाय तो, कायदा आहे म्हणतो — बघितलं. वीतभर. नळी माझ्या आंगठ्याएवढी. काळा रंग कडांना झिजून आतलं पांढरं दिसायला लागलेलं, मूठ लाकडी, कोणाकोणाच्या हातानं गुळगुळीत झालेली. खरं सांगू का? वस्तू छान होती. रोज संध्याकाळी माझ्या जुन्या धोतराच्या फडक्यानं तेल लावून पुसायचा. मला वाटायचं, बरं आहे, हाताला काम आहे.

त्याला शिकवणारे जयरामसर आलेले एकदा घरी. त्यांनी उचललं, उलटंपालटं केलं, खाली ठेवलं. म्हणाले, हितेश, हे पाच पावलांवरचं हत्यार, स्पर्धेत कुठं चालवणार? हितेश म्हणाला, स्पर्धेसाठी नाय सर. सर उठलेच. चहा अर्धा ठेवून गेले. मी मागनं विचारलं, मग कशासाठी रे? तर म्हणाला, असू दे, बाबा. कोणासाठी? असू दे.

तुमी ह्या परवान्याच्या चौकशीला आलेलात तेव्हा ओट्यावर बसलेलात, आठवतं? विचारलंत, पोरगा दारू पितो का, रागीट आहे का, शेजारी कोणाशी भांडण? मी म्हटलं, नाय साहेब, सोन्यासारखा पोर. खोटं नाय बोललो. दारू पीत नाय. रागावत नाय. भांडण कोणाशी करेल, बोलतच नाय कोणाशी. पण तुमी विचारलं नाय की तो जेवतो का. आणि मी सांगितलं नाय. परवाना मिळणारा पोरगा आमच्या आळीत दुसरा नव्हता ना — छाती फुगली माझी. तुमी उठलात तेव्हा मी तुमाला वालाच्या शेंगा दिल्या.

आता हे पण सांगून टाकतो, मग काय करायचं ते करा. हितेशला हे जमा करायची गरजच नव्हती. खेळाडूंना सूट असते, त्यांच्या असोसिएशनचं पत्र दाखवलं की झालं. पत्र आलेलं. पोस्टमननं माझ्या हातात दिलं. मला वाचता येत नाय फारसं, पण वर बंदुकीचं चित्र होतं, मी ओळखलं. भाताच्या कणगीत घातलं, पार कोपरापर्यंत हात घालून, आणि वरनं भात सारखं केलं. तो फोन करत राहिला, विचारत राहिला, मग म्हणाला, जाऊ दे, करू जमा. दीड महिना हत्यार तुमच्या कपाटात होतं आणि दीड महिना मी झोपलो, साहेब. वाटलं तेवढ्यात पोरगा सावरेल. माणसं सावरतात की. मी सावरलो हितेशची आई गेली तेव्हा.

पण परवा त्यानं मला समोर बसवलं. सातबारा इथं आहे, विम्याची फाईल ह्या पेटीत, घरपट्टीची पावती ही, नीट बघून ठेवा बाबा. मोटारसायकल चुलतभावाला देऊन टाकली. आज सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. म्हणाला, दुपारी शहापूरला जातो, हत्यार घेऊन येतो. एवढं छान तयार झालेलं पोर बघून बापाला आनंद व्हायला पाहिजे ना? मी बाजारात जातो सांगून त्याच्या आधी इथं आलो.

म्हणून म्हणतो, आज देऊ नका. सांगा वहीत गडबड आहे. सांगा किल्ली साहेबांकडं राहिली. आठ दिवस. आठ दिवसांनी काय करणार ते मला पण ठाऊक नाय, पण आठ दिवस तरी.

लिहून द्यायचं? बापानं लिहून द्यायचं. काय लिहायचं — पोराचं डोकं ठिकाणावर नाय? मग तुमी त्याला बोलावणार, समोर कागद ठेवणार, खाली माझी सही. घरात आमी दोघंच आहोत, साहेब. तो दिवसातनं एकदा बोलतो माझ्याशी, बाबा, जेवलात का. तेवढंच. ते पण बंद झालं तर मी त्याला धरून कुठं ठेवू? आणि नाय लिहिलं तर — हो. नाय लिहिलं तर, तेच. मी काय तुमाला सांगू.

बरं, लिहा. सही येते मला, जोडाक्षर चुकतं कधी. लिहा, माझ्या पोराच्या जिवाला — नाय, तसं नका लिहू. लिहा, म्हातारा घाबरतो. एवढ्यावर नाय का थांबवता येत? म्हाताऱ्याला भीती वाटते, घरात हत्यार नको. माझ्यावर टाका सगळं, त्याच्यावर नको —

तुमी माझ्या मागं काय बघता?

हितेश. कधी आलास रे तू? ये ना, बस. मी बाजारात जाताजाता सहज — साहेब ओळखीचे, म्हटलं बसू जरा. ऐकलंस? पत्राचं पण? कणगीत आहे रे, भिजलं नाय काय नाय, घरी गेल्या गेल्या काढून देतो. मी कागदावर काय लिहिलेलं नाय अजून. हे बघ, कोरा आहे. बोल ना काय तरी. रागाव माझ्यावर. दोन शिव्या दे, साहेबांसमोर दे, चालेल मला.

पावती त्याच्या हातात आहे, साहेब. दाखवली नाय तुमाला, खिशात घातली. परत येईल तो, उद्या येईल, तेव्हा तुमी — अरे, कुठं निघालास? साहेब, मी इथं बसून लिहून देऊ का त्याच्या मागं जाऊ? तुमी सांगा ना. फाटकाबाहेर गेला तो. हितेश, थांब रे, चप्पल घालू दे मला.