धुतलेलं जाळं

मांडवातल्या मंडळींनो, ऐका! नकळत चूक झाली, तर दोष लागतो का? लगेच माना डोलवू नका, आधी सावळारामाची गोष्ट ऐका.

सावळाराम कुबल, देवगडकडचा मच्छीमार. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या मृण्मयीबाईंना तो दर महिन्याला होडीतून न्यायचा. बाई पाण्यात एक जाळं ओढायच्या. जाळं कसलं — साडीच्या पदराहून तलम! टोकाला बाटली. अकरा महिने असे गेले. बाराव्याला बाईंना ताप! सावळाराम एकटाच गेला.

आणि आला तो बाईंच्या दारात ताठ उभा! "जाळा धुवन आणलंय, बाई. बाटलीत हिरवी घाण साचलेली, ती पण घासून काढलंय!"

हसताय? अहो, दुसऱ्याचं जाळं धुऊनच परत करायचं, ही त्याच्या घरची रीत!

बाईंनी रिकामी बाटली उजेडाकडे धरली. "दादा, ती घाणच तर हवी होती."

जाळीत एक थेंब उरला होता. बाईंनी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सावळारामाने डोळा लावला — काचेच्या डब्या, साखळ्या, चांदण्या!

"ह्ये कोण?"

"प्लवक. पाण्यात तरंगणारे बारीक जीव, उन्हावर जगतात. हवेतला कार्बन वायू ओढतात, मेल्यावर त्यातला थोडा समुद्राच्या तळाकडे नेतात. ते नसते, तर धरती आणखी तापली असती. पण वरचं पाणी फार तापलं, की खालचं खत वर येत नाही. हे उपाशी राहतात. इथे कमी होतायत का, ते वर्षभर मोजल्याशिवाय कसं कळणार?"

"बांगडो ह्येंकाच खाता?"

"हो."

दुसऱ्या दिवसापासून मासेमारीला पावसाळी बंदी. दोन महिने समुद्र बंद! आणि वारा उठलेला. सावळाराम त्याच पावली जाळं घेऊन होडीकडे निघाला, तशी बायको शेवंती ओरडली, "खुळावलात काय? वारो बघा!"

बाईही तापातच मागे धावल्या. "नको दादा! तुमचा काय दोष? तुम्हाला माहीत नव्हतं."

बघा मंडळी, सुटला की नाही? स्वतः बाईंनी सोडला! सावळाराम थांबला. समुद्राकडे बघितलं. म्हणाला, "तेवा म्हायत नव्हता, बाई. आता आसा."

लाटेने होडी दोनदा मागे फेकली. तिसऱ्यांदा ती बाहेर पडली. दिवस कलताना परतला तो चिंब भिजलेला, हिरवट पाण्याची बाटली तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून!

मंडळी, आपल्या गाड्यांचा, कारखान्यांचा धूर ते पाणी तापवतोय. आजवर ठाऊक नव्हतं? कबूल! दोष नाही. पण आता ऐकलंत ना — याच कानांनी? मग 'माहीत नव्हतं' हे इथे मांडवातच ठेवून जा. बाहेर ते चालायचं नाही.