स्क्रीनवर नसलेल्या शांताकाकू

"वापरणाऱ्याचा विचार आधी" असं कुणी सॉफ्टवेअर डिझायनर म्हणाला की अजूनही माझं डोकं तापतं. बोरगाव मेघे गावात मी क्रिप्टो मायनिंगच्या, म्हणजे रात्रंदिवस कॉम्प्युटर चालवून डिजिटल नाणी कमावणाऱ्या शेडची बातमी करायला गेलो होतो. तिथला डिझायनर नवं सॉफ्टवेअर दाखवत होता. "मशीन तापली की लाल, थंड असली की हिरवी. बघा, सगळं हिरवं!"

तेवढ्यात शेजारच्या शांताकाकू आल्या. "बापू, मी दवाखान्यात रातपाळी करतो, दिवसा झोपतो. तुह्या मशीनची गरम हवा माह्या घरात घुसून राह्यली. ते काऊन नाई दिसत यात?"

"काकू, हे तुम्ही थोडंच वापरता?" डिझायनर म्हणाला.

काकू गेल्या, खाट घेऊन आल्या आणि शेडमधल्या कूलरसमोर आडव्या झाल्या.

"आता वापरून राह्यली. घे मले स्क्रीनवर."